बंदूक नावात ठेव, काकांची मात्र कपाटातच राहू दे

*ताई, नमस्कार. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावचा. आमच्यात यात्रेला दरवर्षी मंडळाचं नाटक असतं. आजवर बाहेरनं पुस्तक आणून करायचो, यंदा पहिल्यांदा गावातच लिहिलंय. म्हणजे मीच लिहिलंय. गोष्ट दोन भावांची. जमिनीवरनं वाकडं आलेलं. घरात वडिलांच्या वेळची बंदूक, भिंतीला टांगलेली. शेवटी रात्री राखणीला गेलेला मोठा भाऊ अंधारात डुक्कर समजून बार काढतो आणि धाकटा जातो. नाटकाचं नाव ‘बंदूक’. पोरांना नाव लई आवडलंय. बॅनरवर हिरोच्या हातात एके-४७ पाहिजे म्हणत्यात. ‘केजीएफ’पासनं बंदुकीशिवाय कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. पंच म्हणतात, देवीच्या यात्रेत असलं नाव नको, ‘रक्ताचं नातं’ ठेवा.*

*माझ्या काकांकडं पीक राखायची लायसनची बारा बोअर आहे. तीच रिकामी करून स्टेजवर आणूया, आणि पडद्यामागं सुतळी बॉम्ब लावूया म्हणून ठरलंय. तालमीत पोरांनी ती हातात घेऊन रील पण केलेत, बरे चाललेत. तर ताई, नाव ठेवू का बदलू? आणि खरी बंदूक आणली तर चालतंय का? सांगा की.*

*ता. क. काही वर्षांमागं आमच्या गावातले काही जण रात्री शिकारीला गेलेले, चुकून बार लागून एक जण गेला. त्याची बायको गावातच असते. नाटक तिच्यावर नाही. पण थोडं तसंच आहे.*

*– मंडळाचा सेक्रेटरी*

प्रिय सेक्रेटरी,

नाव बदलू नको. खरी बंदूक आणू नको. विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं झाली. पण तू सगळ्यात अवघड गोष्ट ताजा कलमात घातलीस आणि तिच्यापुढं प्रश्नचिन्हसुद्धा ठेवलं नाहीस. तिकडे येतेच. आधी बंदुकीचं बघू, कारण त्यातलं एक काम आजच करायचंय.

ते रील काढून टाका. पोरांनी कितीही तोंडं वाकडी केली तरी. लायसन काकांच्या नावावर आहे, मंडळाच्या नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुसऱ्याला बंदूक हातात घ्यायची मुभा आहे, पण ती मोजकी: लायसनदार समोर असेल किंवा त्याची लेखी परवानगी असेल, आणि काम दुरुस्तीचं, लायसन नूतनीकरणाचं किंवा त्या लायसनदाराच्याच वापराचं असेल. डोळ्याला गॉगल लावून, मागं गाणं टाकून नळी कॅमेऱ्याकडे धरणं यातल्या कशात बसतं ते तूच सांग. उद्या कुणी तो व्हिडिओ ठाण्यात दाखवला तर पोरांना दम देऊन सोडतील कदाचित, पण लायसन जाईल काकांचं. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती सांभाळायची, निकाल लागला की परत आणायची, हे सगळं निमूटपणे करणारा माणूस असणार तो. पुतण्याच्या रीलपायी त्याला खेटे घालायला लावू नको.

पंजाबात काय झालं ते पोरांना माहीत असेल, कारण त्यांच्या मोबाईलमध्ये तिथली गाणी असतातच. बंदुकीची शेखी मिरवणाऱ्या गाण्यांची तिथं मोठी बाजारपेठ उभी राहिली. २०२२ च्या मे महिन्यात तिथला गायक सिद्धू मूसेवाला याची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या सरकारनं शस्त्रांचं उदात्तीकरण करणारी गाणी आणि सोशल मीडियावरचं शस्त्रप्रदर्शन यांवर बंदी घातली. तो हुकूम कर्नाटकाला लागू नाही. पण गाण्यातल्या बंदुकीला बंदी घालून खरी बंदूक कमी होते का, यावर माझा फारसा विश्वास नाही हेही सांगून ठेवते. म्हणूनच मी तुझ्या नाटकाला अडवत नाहीये.

आता ‘रिकामी करून’ या तुझ्या शब्दांबद्दल. रिकाम्या बंदुकीनं माणसं मेलीत, आणि तीही जिथं बंदूक सांभाळायला पगारी माणूस ठेवलेला असतो अशा ठिकाणी. १९८४ साली अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाचा नट शूटिंगच्या मधल्या वेळेत कंटाळून बसला होता. हातातल्या पिस्तुलात फुसकं काडतूस, म्हणजे दारू आहे पण गोळी नाही. त्यानं गमतीत ते कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच, पण दारूचा स्फोट खरा होता. त्या दणक्यानं कवटीचा तुकडा मेंदूत शिरला आणि काही दिवसांत तो गेला. वय २६. १९९३ मध्ये ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली असाच सेटवर गेला. आधीच्या एका दृश्यात जवळून दाखवायला नकली काडतुसं भरली होती, त्यातल्या एकाचं टोक नळीत अडकून राहिलं. कुणी नळीत डोकावून पाहिलं नाही. पुढच्या दृश्यात त्याच बंदुकीत फुसकं काडतूस भरून बार काढला, आणि अडकलेलं टोक गोळीसारखं बाहेर आलं. आणि २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका सिनेमाच्या सेटवर, ‘बंदूक थंड आहे’ (म्हणजे आत धोक्याचं काही नाही) असं ओरडून सांगितल्यावर त्याच बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रण करणारी हलिना हचिन्स मेली. त्या सेटवर शस्त्रं सांभाळण्याची जबाबदारी जिच्यावर होती तिला २०२४ साली दीड वर्षाची शिक्षा झाली.

तुमच्याकडे ती जबाबदारी कुणावर असेल? जो तालमीला चहा आणतो, पडदा ओढतो आणि दुसऱ्या अंकात फौजदार होतो, त्याच्यावरच ना?

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं कायदा आणखी कडक झालाय. बेफिकिरीनं किंवा जल्लोषात बार काढून लोकांच्या जिवाला धोका केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात सार्वजनिक मेळावे, धार्मिक ठिकाणं, लग्नं आणि इतर समारंभ असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही गोळी घालणार नाही, मला मान्य. पण यात्रेच्या रात्री स्टेजमागं कोण काय घेऊन येतं आणि कुठल्या अवस्थेत येतं, याची हमी तू देणार आहेस का?

तेव्हा बंदूक सुताराकडून करून घे. दस्ता आंब्याच्या नाहीतर फणसाच्या फळीचा, नळी इलेक्ट्रिकच्या पीव्हीसी पाइपची, तोंडात लाकडी बूच ठोकलेलं, वर मॅट काळा रंग. तकतकीत रंग देऊ नको, हॅलोजनमध्ये प्लॅस्टिक लगेच उघडं पडतं. आणि आत लोखंडाची सळई घाल. खरी बारा बोअर तीनेक किलोची असते. हलकी बंदूक हातात असली की नट ती छत्रीसारखी वागवतो आणि सगळं खोटं दिसतं. कुणी हौशी म्हणेल, लोखंडी पाइप घेऊया, थोडी दारू भरूया, धूर मस्त येईल. त्याला तिथल्या तिथं गप्प कर. नकली बंदुकीची खरी करायलाही कायद्यानं लायसन लागतं, आणि पाइप फाटला तर बोटं जातात ती वेगळीच.

मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे गावात नाहीतर शेजारच्या गावात एखादे निवृत्त सुभेदार, हवालदार असणारच. त्यांना एक दिवस तालमीला बोलव. बंदूक खांद्याला कशी टेकते, बार काढायचा नसेल तेव्हा बोट कुठं असतं, नळी कुठं वळलेली असते, हे ते अर्ध्या तासात शिकवतील. नाहीतर प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून सगळ्यात आधी तेच हसतील.

सुतळी बॉम्ब नको. कापडी विंगा, कनाती, आत वायरींचा गुंता, आणि पुढं लहान पोरं बसलेली. दुसरं म्हणजे तुमचा भाग जंगलाला लागून. रात्री अकराला ‘धडाम’ झालं की फॉरेस्टवाल्यांना नाटकाची शंका येणार नाही, दुसरीच येईल. जुना उपाय अजून उत्तम आहे: दोन जाड फळ्या बिजागरीनं जोडायच्या आणि विंगेत एकदम आपटायच्या. स्पीकरवरचा रेकॉर्डेड आवाज मला स्वतःला आवडत नाही. तो सगळीकडून सारखाच येतो. फळ्यांचा आवाज एका दिशेनं येतो आणि माणूस दचकून त्या दिशेला बघतो.

नावाचं आता.

पंचांचं ‘रक्ताचं नातं’ नको. एकाच यात्रेच्या मोसमात त्या नावाची तीन नाटकं निघतील, आणि कुठल्या गावात कुठलं पाहिलं ते कुणाला आठवणार नाही. ‘बंदूक’ आठवेल. प्रश्न एवढाच की नाव ऐकून आलेल्या माणसाला तू काय देणार आहेस. बंदुकीचं नाव घेऊन बंदूक न दाखवणारेही आहेत. नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ आठव. पिस्तुल्या हे पारध्याच्या पोराचं नाव, आणि त्या पोराला शाळेत जायचं असतं, एवढीच गोष्ट. त्या लघुपटाला पहिल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाव ऐकून मारामारी बघायला बसलेला माणूस मधेच खजील होतो, तीच त्या नावाची कमाई. उलट ‘टॉप गन’ घे. १९८६ चा सिनेमा, अमेरिकन नौदलातल्या वैमानिकांच्या शाळेचं ते टोपणनाव. लोक विमानं बघायला गेले आणि विमानं बघून आले, फसवणूक कुणाची झाली नाही. कॉलेजातली पोरं काळे टीशर्ट घालून ज्या ‘गन्स एन रोझेस’ या अमेरिकन बँडचं नाव मिरवायची, तिथली गन तर एका वादकानं स्वतःला लावून घेतलेल्या आडनावातली. १९८५ मध्ये दोन बँड एकत्र आले, एकाच्या नावात ‘गन्स’ होतं, दुसऱ्याच्या ‘रोझ’. असो, विषय लांबला.

तुझ्या नाटकात मात्र बंदूक खरोखरच नायक आहे. ती भिंतीवर आहे, वडिलांनंतर ती कुणाच्या नावावर लागली त्यावरून भावांत धुसफूस असणार (नसेल तर लिही, कारण लायसन एकाच्याच नावावर होतं आणि जमिनीच्या भांडणात ते बरोबर खुपतं), डुकरं आली की ती उतरवली जाते, आणि शेवटी ती घर मोडते. मग नाव दुसरं कशाला शोधायचं? देवीच्या यात्रेचं म्हणशील तर, देवीच्या आठ हातांत काय काय आहे ते पंचांना एकदा देवळात जाऊन बघायला सांग. हे मी म्हटलं असं सांगू नको.

पण बॅनरवर एके-४७ आली की ते नाव खोटं पडतं. खानापूरच्या शेतकऱ्याच्या घरात एके-४७ कुठून आली? पोरांनी ती मोबाईलच्या गेममध्ये पाहिलीय, कुठल्या गोळीला किती धक्का बसतो हेही त्यांना पाठ असेल, आणि ठासणीची बंदूक कशी भरतात ते मात्र आजोबांना विचारावं लागेल. ‘केजीएफ’चं म्हणशील तर, मीही टॉकीजमध्ये जाऊन बघितला आणि मजा आली. दुसऱ्या भागात हिरो ‘दोड्डम्मा’ नावाची मशीनगन मागवतो, पोलीस ठाण्याची चाळण करतो आणि लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. बेळगावात मराठी पोरांनी शिट्ट्या मारल्या, कानडी पोरांनी मारल्या, तिथं सीमावाद नव्हता. पण ती बंदूक तेवढ्या मोठ्या खाणीत, तेवढ्या मोठ्या खोटेपणात शोभते. तुझं घर कौलारू आहे, पडवीत भाताची पोती आहेत. तिथं मशीनगन आणलीस तर लोक हसतील, आणि धाकटा भाऊ मेल्यावरही हसत राहतील.

नळी बघणाऱ्याच्या तोंडावर रोखलेलं चित्रही नको. ती युक्ती सिनेमाच्या जन्मापासूनची आहे. १९०३ साली अमेरिकेत जेमतेम बारा मिनिटांचा रेल्वे लुटीचा एक सिनेमा निघाला. त्यात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे बघत बार काढतो. गोष्टीशी त्या तुकड्याचा काही संबंध नव्हता. तो आधी लावा नाहीतर शेवटी लावा, असं कंपनीनंच थिएटरवाल्यांना कळवलं होतं. एवढी वर्षं झाली, अजून सगळे तेच छापतात. तुझ्या बॅनरवर नुसती भिंत आणि खुंटीला टांगलेली बंदूक असू दे, माणूस एकही नको. पोरांचे फोटो खाली छोटे टाक, नाहीतर मंडळ फुटेल.

आता बंदुकीच्या बाराचं सांगते. तुझ्या पत्रावरनं वाटतं, शेवटी मोठा भाऊ स्टेजवरच बार काढत असणार, धाकटा कोसळत असणार, गाणं लागत असणार. ‘शोले’त गब्बर हरून आलेल्या आपल्या तीन माणसांना उभं करतो तो प्रसंग आठव. (आपल्याच कर्नाटकात झालं ते शूटिंग, रामनगरला.) सहा घरांचं पिस्तूल, तीन गोळ्या तो हवेत घालवतो, चक्री फिरवतो, आणि एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. खट्. खट्. खट्. तिघंही वाचतात. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असतं, आणि तोवर कुणाच्याही अंगावर एकही बार झालेला नसतो. नंतर तो गोळ्या घालतो ते कुणाला फारसं आठवत नाही, खट् आठवतं. भीती बार होण्याआधीच्या वेळात असते. तू तो वेळच ठेवला नसशील. मोठा येतो, डुक्कर म्हणतो, बार काढतो. आठ ओळींत संपलं.

रशियन नाटककार चेखव्ह याचा एक नियम नाटकवाले सारखे सांगतात: भिंतीवर बंदूक दाखवलीस तर ती उडलीच पाहिजे. १८८९ च्या एका पत्रात त्यानं तशा अर्थाचं लिहिलंय खरं. पण त्याच्या नाटकांत बार बहुतेक वेळा आत, प्रेक्षकांच्या नजरेआड होतो. ‘सीगल’च्या शेवटी आतून आवाज येतो, डॉक्टर बघून येतो आणि म्हणतो, काही नाही, माझ्या बॅगेतली औषधाची बाटली फुटली. मग एकाला बाजूला घेऊन हळू आवाजात खरं सांगतो, की घरातल्या तरुण पोरानं स्वतःवर गोळी झाडलीय. त्या पोराची आई तिथंच लोटोच्या (हौजीसारख्या खेळाच्या) टेबलाशी बसलेली असते.

तुझ्या नाटकाला हे जास्त शोभेल. बार शेतात होऊ दे, स्टेजवर घर दाखव. दोघा भावांच्या बायका स्वयंपाकघरात. एकमेकींशी बोलत नाहीत, पण राखणीला गेलेल्यांची वाट दोघी बघतायत. लांब बार होतो. एक जण म्हणते, ‘मिळालं वाटतं.’ दुसरी चुलीवर पाणी चढवते. डुक्कर पडलं की पाणी लागतंच. त्या दोघी किती वेळ कामात राहतात, तेवढा वेळ नाटक श्वास रोखून धरेल. नंतर धाकट्याला आणा किंवा आणू नका.

आणि इथंच मी थांबले, कारण हा प्रसंग सुचल्या सुचल्या मला तुझा ताजा कलम आठवला. तुमच्या गावात एका बाईनं ही रात्र खरोखर काढलीय. तिनं बार ऐकला का, ऐकून ती काय म्हणाली, कोण सांगत आलं, मला माहीत नाही, आणि तूही तिला ते विचारायचं नाहीस. पण ती यात्रेला येणार. यात्रेच्या नाटकाला गावातली बाई कुठं जाऊन बसणार दुसरीकडे? घरात बसली तरी लाउडस्पीकर घरात येतोच.

‘नाटक तिच्यावर नाही’ हे तू मला सांगतोस. बॅनर वाचून सगळं गाव म्हणणार की तिच्यावरच आहे. पंचांनाही देवीपेक्षा हीच काळजी असेल असं मला वाटतं. त्यांना ती नीट बोलता आली नाही म्हणून ‘असलं नाव नको’ म्हणाले. त्यांच्यावर चिडू नको.

तिच्याकडे जा. पंचांना पाठवू नको, कमिटी घेऊन जाऊ नको. तू आणि तुझी आई, किंवा तिच्या विश्वासातली कुणी बाई. दुपारच्या निवांत वेळी. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग, शेवटासकट. शेवटाला आवाज खाली आणून पळवू नको. नाव सांग. वही काढून वाचून दाखवायला बसू नको, तोंडानं सांग. आणि ‘चालतंय न्हवं, काकी?’ असं विचारू नको. असं विचारलं की गावातली एकटी बाई ‘चालतंय की’ म्हणणारच, मंडळाशी वाकडं घेऊन तिला त्या गावात राहायचं नाही का? ‘तुम्हाला यातलं काय नको वाटतं ते सांगा’ असं विचार, आणि उत्तर घेऊन लगेच उठू नको. चार-आठ दिवसांनी परत जा. पहिल्या दिवशी जे बोलायला जमलं नाही ते दुसऱ्यांदा येतं.

तिनं शेवट नको म्हटलं तर शेवट बदल. बार चुकवता येतो. चेखव्हच्याच ‘अंकल वान्या’त माणूस जवळून बार काढतो आणि त्याचा नेम चुकतो. हसूही येतं आणि पोटात कालवतंही. तुझा मोठा भाऊ बार काढतो, झाडीतून धाकट्याचा आवाज येतो, ‘मी हाय रं!’, आणि दोघं सकाळपर्यंत बांधावर एकमेकांकडे न बघता बसून राहतात. खरं सांगू? मला हा शेवट तुझ्या मूळच्या शेवटापेक्षा बरा वाटतो. मेलेल्या भावासाठी कुणीही रडतो. जिवंत राहिलेल्याशी उद्यापासून बोलायचं कसं, हे नाटकात फारसं कुणी लिहीत नाही.

तिनं सगळंच नको म्हटलं, तर यंदा दुसरं नाटक करा. पोरं वैतागतील, तालमी वाया गेल्या म्हणतील. त्यांना सांग, हे बेळगावच्या एखाद्या स्पर्धेत करू, बाहेरगावी करू. लिहिलेलं नाटक कुठं जात नाही.

अजून एक. शिकारीला ती एकटी बाई गेली नव्हती, पुरुष गेले होते. त्यांतले कितीजण आज तुमच्या मंडळात आहेत, किंवा वर्गणी देतात, किंवा पुढच्या रांगेत बसतात? त्याचं कुणी बोलत नसणार. जंगलातली शिकार मुळातच बेकायदा, त्यामुळे त्या रात्री कुणाच्या हातात काय होतं याबद्दल गावात दोन-तीन गोष्टी फिरत असतील. तुझ्या नाटकात बंदूक कुणाच्या नावावर, कोण कुठं उभा, हे तपशील त्या खऱ्या रात्रीशी जुळत असतील तर बदल. कोर्टात अजून काही चालू आहे का तेही आधी विचारून घे. चालू असेल तर निकाल लागेपर्यंत हे नाटक गावात नको. आणि ज्याच्या हातून तो बार गेला असं लोक म्हणतात, तो माणूस गावात असेल, तर त्याच्याकडेही तुला जावं लागेल. तिथं आईला नेऊ नको. काय बोलायचं ते मी शिकवू शकत नाही. तुझं नाटक मोठ्या भावाचं असेल तर ती भेट तुला लेखक म्हणूनही टाळता येणार नाही.

बॅनरची ऑर्डर या भेटी झाल्यावरच दे, त्याआधी ॲडव्हान्स देऊन बसू नको. आणि छापशील तेव्हा कन्नड मजकूरही ठळक घे. नाहीतर बंदूक राहील बाजूला आणि पोलीस येतील ते बॅनरसाठी. आपल्याकडे हे तुला मी काय सांगणार.

– ताई